कुलवृत्तांत-परिषदेतील एक दिवस
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या कुलवृत्तांत-समितीचे प्रतिनिधी म्हणून गेल्या वर्षी पुण्यास भरलेल्या कुलवृत्तांत-संपादकांच्या परिषदेस आम्हांस पाठविण्यात आले होते. त्या दिवसाची हकीकत आपणांपुढे ठेवावी, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, म्हणून उभे आहोत. पहिला तास स्वागत, सत्कार आणि हारतुरे यांत गेला. त्याविषयी अधिक बोलत नाही.

सकाळच्या बैठकीचा विषय होता साधनांचा. घरोघरची मंडळी आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून पाठवितात आणि त्यालाच इतिहास मानतात, अशी व्याख्यात्यांची तक्रार. त्यांनी सांगितलेला एक मासला ऐकण्याजोगा आहे. एका घराण्यास 'सलास सबैन मया व अलफ' या सालचा कागद मिळाला. ही अरबी अंकगणना. तीन, सत्तर, शंभर आणि सहस्र मिळून ११७३. घराण्यातील उत्साही तरुणाने तो आकडा इसवी सन समजून मूळपुरुषास थेट यादवांच्या काळात नेऊन बसविले! वस्तुतः हा शुहूर सन. त्यात ५९९ वा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो; तेव्हा कागद १७७२-७३ मधला, म्हणजे थोरले माधवराव निवर्तले त्या सुमाराचा ठरतो. सहाशे वर्षांचे पूर्वज एका बेरजेने गेले. फसली सनास ५९० वा ५९१ आणि शालिवाहन शकास ७८ वा ७९ मिळवावे लागतात, हेही आपल्या तरुणांनी टिपून ठेवावे.

पण बेरीज करण्यापूर्वी कागद वाचता आला पाहिजे. पेशवे दफ्तरातील बहुतेक सर्व रुमाल मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि आम्ही शिक्षक असूनही तिचे फारसे कोणास वाईट वाटल्याचे स्मरत नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा मोडीवाचकांस जिल्ह्याजिल्ह्यांत धुंडाळण्याची पाळी आली.

कागदाबाहेरचीही साधने आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांत हेळवी बैलावर बसून दारी येतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचून दाखवितो; यजमान त्याला धान्य, वस्त्र देतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी आपल्या हाताने बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहिलेली आढळतात. घराण्याची बखर नसली तरी यात्रा कोणत्या घराण्याने केली नाही?

दुपारच्या जेवणात मठ्ठा उत्तम होता. त्यानंतर बहुतेक सभा पेंगतात; ही मात्र पेटली. प्रश्न होता कन्यांचा.

एका भगिनींनी उभ्या राहून आपल्या माहेरचा छापील कुलवृत्तांत दाखविला. त्यांच्या वडिलांस चार कन्या, पुत्र नाही. वडिलांच्या नावापुढे एकच शब्द छापला होता : 'निर्वंश'. "आम्ही चौघी बहिणी मग कोण?" एवढेच त्यांनी विचारले. सभेत काही काळ कोणी बोलले नाही. नंतर एक वयोवृद्ध संपादक म्हणाले की, गोत्र पुरुषाकडून चालते. कन्यांच्या शाखा धरल्या तर ग्रंथास अंत राहणार नाही. जातीबाहेर विवाह केलेल्यांचे काय करावे, हाही प्रश्न त्यामागून आलाच.

आम्ही अध्यक्षांची अनुमती घेऊन दोन शब्द बोललो, ते येथेही सांगतो. ज्या शास्त्राचा आधार घेऊन कन्यांस वगळतात, त्याच शास्त्राच्या महालय श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्यासह माता, पितामही, प्रपितामही यांचाही उच्चार होतो, आणि मातामह सपत्नीक येतात, म्हणजे मातेचे माहेर येते. भटजींना जी नावे लागतात ती छापखान्याला का नकोत? आपल्यापैकी कितीजणांस पणजीचे माहेरचे नाव ठाऊक आहे? या सभागृहात हात वर करावयास सांगितले तर आमचाही हात खालीच राहील. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने कन्येस सहदायादाचा अधिकार मिळाला, २००५ साली तो सर्व देशात झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावात आईचे नाव पित्याच्या आधी घालणे राज्य शासनाने आवश्यक केले आहे. ग्रंथ वाढेल, हे खरे. कागदाचा खर्च मंडळाने सोसावा. जातीबाहेर गेलेल्या मुलामुलींची नावेही असावीत, असे आमचे मत आहे. वंशावळ म्हणजे निवाडा नव्हे. समितीतील दोन सभासदांस हे मान्य नाही, तेही आपणांपुढे बोलतील.

परिषदेत ठराव झाला नाही. विषय पुढच्या वर्षावर टाकण्यात आला. आपल्या ग्रंथाची माहिती मात्र याच वर्षी गोळा व्हावयाची आहे. नव्या माहितीपत्रकात कन्या, जामात, नातू-नाती आणि पत्नीचे माहेर असे रकाने छापून घेतले आहेत. पत्रके बाहेर दाराजवळच्या मेजावर ठेवली आहेत. ज्यांच्या घरी ऐंशीच्या वरची आत्या, मावशी वा आजी आहे, त्यांनी ती आज रात्रीच तिच्यापाशी बसून भरावीत.