गोधडी, नक्षीटाका आणि आपली मुले

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शिक्षकाने अभ्यासाविषयी बोलावे, गोधडीविषयी कशाला, असे आपल्याला वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी शिलाई मशीन आहे आणि नव्या मशिनींवरचे नक्षीटाके बहुधा न वापरताच राहतात. त्यांचा खरा उपयोग गोधडीत आहे.

गोधडीचे थर तीन. वर तुकड्यांचे जोडकाम, मध्ये कापूस वा जुने कपडे आणि खाली अस्तर. हे थर धरून ठेवतो तो टाका. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया, त्यांत मुस्लिम भगिनीही आल्या, 'कवंदी' नावाची गोधडी हाताने शिवतात. कडेपासून आरंभ करून त्या धावदोऱ्याने मध्यापर्यंत येतात, आणि कोपऱ्यांवर चिंध्यांची त्रिकोणी फुले लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. म्हणजे टिकाऊपणा आणि शोभा ही दोन्ही अंगे तेथे एकत्र नांदतात. तेच मशीनवरही साधता येते.

साध्या काळ्या मशिनची सुई केवळ वरखाली चालते, म्हणून टाका सरळ पडतो. झिगझॅग मशिनची सुई डावी-उजवीकडेही सरकते. आत एक चकती फिरते आणि तिच्या कडेच्या चढउतारांप्रमाणे सुई हलून नक्षी उमटते. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये हेच काम छोटा संगणक करतो.

आता कृती. कपडे आधी धुऊन घ्यावेत, म्हणजे आटणे आणि रंग जाणे पुढे होत नाही. तिन्ही थर अंथरून मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधावेत. सुई १४ नंबरची घ्यावी. मशिनचे दाते खालचे कापड ओढतात आणि वरचे मागे राहते, म्हणून चुण्या पडतात. यासाठी वरूनही कापड पुढे सरकवणारा खास पाय मिळतो. पहिली ओळ मध्यावर घालून मग कडांकडे जावे. नक्षी मोकळी निवडावी, नागमोडी टाका सर्वांत सोपा. पानाफुलांची दाट नक्षी दोरा फार खाते आणि गोधडी ताठर करते. जोडांवरून नक्षी घातली तर जोड झाकतो आणि मजबूतही होतो. खालचा दोरा वर दिसू लागला तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करावा. आणि हे सारे आधी तशाच तीन थरांच्या तुकड्यावर करून पाहावे.

विद्यार्थी मित्रहो, येथे गणितही आहे. एक नक्षी १२ मिलिमीटरची आणि गोधडीची बाजू १५० सेंटिमीटरची असेल, तर नक्षी बरोबर १२५ वेळा येईल. ती १४ मिलिमीटरची असेल, तर १०७ वेळा येऊन २ मिलिमीटर उरतील आणि कोपरा बिघडेल. ज्याला भागाकार येतो, त्याचा कोपरा जुळतो!

पालकांनो, माझे खरे सांगणे हेच आहे. "मुलगी शिवण शिकली, आता शाळा कशाला?" असे आपल्याकडे अजूनही ऐकू येते. परंतु माप, हिशेब आणि दोरा, कापड व वेळ धरून मालाची किंमत ठरविणे, हे शिक्षणावाचून कसे जमणार? किंमत ठरविता आली नाही तर रात्र-रात्र जागून शिवलेली गोधडी मातीमोलाने जाते आणि नफा दुसऱ्याच्या खिशात पडतो. मशीन शाळा सोडण्याचे निमित्त होऊ नये. ते शिक्षणाचे जोडीदार व्हावे. आणि मुलांनीही मशीनवर बसण्यात कमीपणा मानू नये. आपल्याकडे शिंपीकाम पुरुषांनीही पिढ्यान्‌पिढ्या केलेच आहे.

घरातील जुन्या साड्या आणि सदरे टाकू नका. येत्या सुट्टीत एक लहानशी, बाळाच्या अंथरुणाएवढी गोधडी आई आणि मुलांनी मिळून शिवावी. मापे मात्र मुलांना वहीत मांडू द्या.