सातच जणी होत्या



मघाशी इथल्या एका मुलीला विचारलं, "दोन मिनिटं बोलशील का?" ती म्हणाली, "सर, माझं मराठी शुद्ध नाही." विश्रांतवाडीत वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली मुलगी! मला माझेच दिवस आठवले. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला मी तीनदा नाव दिलं आणि तीनदा मागे घेतलं. भाषण पाठ होतं. भीती होती ती ‘ण’ची. आमच्या घरी दखनी. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं तर मागच्या बाकावरचे हसतील, एवढंच डोक्यात.

चुकू नये असं सगळ्यांनाच वाटतं. पण आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. दुसऱ्याचं चुकलं तर ते त्याचं एकट्याचं असतं. आपलं चुकलं की "हे लोक असेच" असं ऐकावं लागतं. म्हणून अम्मी-अब्बा सांगतात, बेटा, तुला दुप्पट चांगलं करून दाखवावं लागेल. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण त्या ओझ्याखाली स्पर्धा परीक्षेचा फॉर्म "तयारी पूर्ण झाली की भरू" म्हणत राहून जातो. गल्लीतल्या ड्रेनेजबद्दल नगरसेवकाला अर्ज द्यायचा असतो, तो चार वेळा लिहून फाडला जातो. ड्रेनेज तुंबलेलंच राहतं.

इंजेक्शनचा डोस चुकवून चालत नाही, हे मलाही कळतं. पण आपण जिथे अडून बसतो, त्यातल्या किती जागा तशा असतात?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. मोर्चात बायका किती? सात. आज कुणी सात जणींचा मोर्चा काढला तर आपणच फोटो बघून हसू. हजार जमल्यावर निघू असं त्या म्हणाल्या असत्या, तर आपल्यापुढे ती तारीखच नसती. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. त्यातले सय्यदभाई बहिणीच्या तलाकामुळे या कामात ओढले गेले होते. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘दगडावरची पेरणी’. एका दमात तीन तलाक देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती २२ ऑगस्ट २०१७ला, म्हणजे मोर्चानंतर ५१ वर्षांनी. तोही निकाल एकमताचा नव्हता. पाचपैकी तीन न्यायमूर्तींचा होता.

आणि ज्यांना दीनचा आधार हवा त्यांच्यासाठी, हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस आहे. जो कुराण अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब. मदरशात चुकल्यावर हातावर छडी खाल्लेल्या माझ्यासारख्याला हे फार उशिरा कुणी सांगितलं.

माझं झालं. अजून अर्धा तास आहे. माईक त्या मुलीकडे द्या. तिला हवं तर खाली बसूनच बोलू दे.