तारेचा हेडफोन आणि बिनतारी हेडफोन



आजचा विषय कानात मावेल एवढा लहान आहे. हेडफोन घ्यायचा तर तारेचा घ्यावा की बिनतारी? हल्ली हा प्रश्न माझे विद्यार्थी विचारतात आणि त्यांचे वडीलही विचारतात. उत्तर देण्याआधी घरचीच एक गोष्ट सांगतो.

२०२१ सालचा जुलै महिना. पंचगंगेला महापूर आला होता. शिरोळ तालुक्यात माझे आजोळ आहे; त्या दिवसांत मी तिथेच अडकलो होतो. गावातली वीज गेलेली, उंबऱ्याला पाणी लागलेले आणि आम्ही सगळे माडीवर. मामांच्या नातवाजवळ नवे बिनतारी हेडफोन होते. पण ते डबीत ठेवून चार्ज करावे लागतात, आणि ती डबीच दुसऱ्या दिवशी रिकामी झाली. मोबाइलची रेंज क्षणात येई, क्षणात जाई. मामा सारखे विचारत, “पाणी किती फुटावर हाय रं?” सांगणार कोण?

शेवटी मामींनी फडताळातून एक जुना तारेचा हेडफोन शोधून काढला. त्याचा एक कान कधीच मुका झाला होता. तो फोनला जोडला, फोनमधला रेडिओ लावला आणि बातम्या ऐकू आल्या. राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याची पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे आकडे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतात. कोल्हापूरकडे पाणी उतरू लागले आहे, एवढे कळले आणि घराला धीर आला.

आता यातले शास्त्र पाहू. शिक्षक मंडळींनी हे वर्गात करून दाखवण्याजोगे आहे. फोनमध्ये रेडिओची सोय असली तरी बहुतेक फोनांत एरियल नसते. हेडफोनची तार हेच त्याचे एरियल. एफ.एम.च्या लहरी एका सेकंदात सुमारे दहा कोटी वेळा कंप पावतात आणि तेवढ्याच वेळात तीन लाख किलोमीटर जातात. भागाकार केला की एका लहरीची लांबी तीन मीटर येते. एरियल तिच्या चौथ्या हिश्शाएवढे, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास असले तरी चांगले काम देते. हेडफोनची तार साधारण मीटरभर असते. म्हणून ती सहज चालून जाते. तार मुठीत गुंडाळून पाहा, खरखर वाढेल. सरळ सोडा, आवाज पुष्कळदा स्वच्छ होईल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तार जोडलेली ठेवून आवाज फोनच्या स्पीकरवर घेता येतो, मग सारे घर ऐकू शकते.

बिनतारी हेडफोनला ही तारच नाही. त्याचे काम निराळे. फोन आवाजाचे आकड्यांत रूपांतर करतो, ते आकडे दाबून लहान करतो आणि आखूड लहरींवरून कानापर्यंत धाडतो. हे बहुधा दहा मीटरच्या टप्प्यात चालते. या उलाढालीत वेळ जातो. पुष्कळदा आवाज सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही उशिरा पोचतो. व्याख्यान ऐकताना ते जाणवत नाही. पण फोनवर लेहरा लावून तबल्याचा रियाज करणाऱ्याने आपले बोल ध्वनिमुद्रित केले, तर सम चुकलेली सापडते आणि दोष बिचाऱ्या हाताला लागतो.

म्हणून काय बिनतारी हेडफोन वाईट? मुळीच नाही. भाकऱ्या थापताना, गोठ्यात धारा काढताना, अंगण झाडताना तार आडवी येते, गुंतते, ओढली की तुटते. तिथे बिनतारीचे सुख मोठे. चरकाजवळ किंवा मळणीच्या पट्ट्याजवळ लोंबती तार तर जिवावर बेतेल. अर्थात अशा ठिकाणी आणि रस्त्यावर चालताना कान मोकळेच हवेत, मग हेडफोन कसलाही असो.

खर्चाचाही हिशेब करा. तारेचा हेडफोन बहुधा पिनेच्या मुळाशी तुटतो. हाताशी डाग देण्याची कला असेल तर तो पुन्हा बोलतो. बिनतारीच्या पोटात इवलीशी लिथियमची बॅटरी असते. काही वर्षांत तिचा दम कमी होतो आणि ती बदलून मिळणे कठीण. शिवाय दोहोंतला एक हरवला, तर उरलेला एकटा पडतो.

एक अडचण मात्र खरी आहे. २०१६ नंतर कित्येक कंपन्यांनी फोनमधले पिनेचे भोकच काढून टाकले. काही फोनांत रेडिओची सोय असूनही ती बंद ठेवलेली असते. २०२३ साली केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांना सूचना केली, की जिथे ही सोय आहे तिथे ती बंद ठेवू नये. कारण आपत्तीच्या वेळी रेडिओच कामी येतो. तेव्हा नवा फोन घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: “यात रेडिओ आहे का? आणि पिनेचे भोक आहे का?”

तर सांगायचे ते इतकेच. रोजच्या कामात बिनतारी खुशाल वापरा. पण तारेचा जुना हेडफोन फेकू नका. एक कान मुका झाला असेल, तरी आधी फोनला लावून पाहा. एरियल म्हणून तो बहुधा उपयोगी पडेल. मृगाच्या आधी आपण कौले चाळतो, सरपण आत घेतो, बॅटरी आणि काडेपेटी हाताशी ठेवतो. त्याच फळीवर ही मीटरभर तारही असू द्या. पाणी किती फुटावर आहे, हे एखाद्या रात्री तीच सांगेल.