तरत्या बांधकामाचा आयुष्यभराचा हिशेब

खोल समुद्रात तरणाऱ्या प्लॅटफॉर्मची खरी किंमत तो गोदीतून बाहेर पडतो त्या दिवशी कळत नाही. बांधणीच्या खर्चात पुढची वीस-पंचवीस वर्षे तपासणी, दुरुस्ती आणि नांगराच्या साखळ्या बदलणे यांची भर पडत राहते. शिवाय एक खर्च असा, की तो कदाचित कधीच करावा लागणार नाही: मोडतोडीचा. विश्वासार्हतेवर आधारलेल्या रचनापद्धतीत हा खर्च त्याच्या संभाव्यतेने गुणून इतर खर्चांत मिळवतात आणि एकूण बेरीज कमीत कमी येईल अशी रचना शोधतात.

संभाव्यतेचा आधार का घ्यावा लागतो, हे लाटांवरून समजते. सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणारी लाट पंचवीस वर्षांत निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे 22 टक्के असते. नांगराच्या दोरखंडांसाठी नॉर्वेतील डीएनव्ही संस्थेच्या नियमांत वर्षाला दहा हजारांत एक, आणि परिणाम गंभीर असतील तिथे लाखात एक, एवढीच मोडण्याची शक्यता मान्य केली जाते.

पण वादळापेक्षा रोजची लाट अधिक घातक ठरू शकते. तिच्या हेलकाव्यांनी वेल्डिंगच्या सांध्यात सूक्ष्म तडा वाढत जातो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. सांध्यावरील ताणाचा चढउतार निम्म्यावर आणला, तर त्याचे आयुष्य साधारण आठपट होते. म्हणून जिथे पाणबुड्याला पोहोचणे अवघड, तिथे सुरुवातीलाच जाड पोलाद वापरणे स्वस्त पडते.

27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर किएलँड’ हा तरता प्लॅटफॉर्म उलटला. त्यावरील 212 माणसांपैकी 123 दगावली. पाण्याखालचा आवाज टिपणारे उपकरण बसवण्यासाठी एका आडव्या नळीला जोड दिला होता. त्याच्या 6 मिलिमीटरच्या वेल्डिंगपाशी तडा सुरू झाला. नळी तुटली, पाठोपाठ बाकीचे आधार तुटले आणि पाचांपैकी एक खांबच निखळला. तड्यात रंगाचे अंश सापडले, म्हणजे तो बांधणीच्या वेळचाच होता. एक आधार गेला तरी उरलेल्यांनी भार पेलावा, ही अपेक्षा त्यानंतर नियमांत ठळक झाली.

या हिशेबात एक धोका आहे. भविष्यातला खर्च व्याजदराने घटवून आजच्या रकमेत मांडतात. आठ टक्के दराने वीस वर्षांनंतरचे शंभर रुपये आज साडेएकवीस रुपयांएवढेच भरतात, त्यामुळे दूरची मोडतोड कागदावर क्षुल्लक दिसते. माणसांचे जीव अशा घटीवर सोडता कामा नयेत. सुरक्षिततेची किमान पातळी आधी ठरवावी आणि काटकसर तिच्या पलीकडे शोधावी, हेच योग्य.

तरत्या पवनचक्क्यांवर सहसा कोणी राहत नाही, त्यामुळे तिथे दुरुस्तीचा खर्च अधिक निर्णायक ठरतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘हायविंड स्कॉटलंड’च्या पाचही पवनचक्क्या 2024 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी नांगरावरून सोडवून, समुद्रातून ओढत नॉर्वेला न्याव्या लागल्या.