बसऱ्याच्या भिंतीवरची आपली माणसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव म्हणजे आनंदाचा प्रसंग, त्यात युद्ध आणि स्मारक हा विषय कुठे काढलात, असं मला कालच एकांनी विचारलं. त्यांना मी म्हटलं, खाली जिन्याजवळचा नामफलक बघून या, मग सांगतो. आपल्या त्या फलकावर प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव आहे. फ्लॅट विकला गेला की नाव बदलतं, आणि ते बदलायला उशीर झाला की समितीला किती बोलणी खावी लागतात हे समितीलाच माहीत. आता समजा, रंगाऱ्याचे पैसे वाचवायचे म्हणून फलकावर एवढंच लिहिलं असतं : ‘ए विंग : अध्यक्ष श्री. अमुक, सेक्रेटरी श्री. तमुक आणि इतर १४ कुटुंबे.’ पुढच्या सर्वसाधारण सभेत काय झालं असतं? कोरम तरी नक्की भरला असता!

हसण्याची गोष्ट आहे खरी. पण असा फलक जगात खरोखर आहे. तो इराकमध्ये बसऱ्याजवळ आहे आणि त्या ‘इतर’मध्ये आपल्या जिल्ह्यातली माणसं आहेत.

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्याला शाळेतलं युरोप आठवतं, खंदक, फ्रान्स, जर्मनी. कोकणातल्या माणसाचं महायुद्ध मात्र जास्त करून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झालं. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पूर्वीच्या ज्या पलटणी होत्या, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा नंबरांच्या, त्यांत कोकणी मराठे आणि देशावरचे मराठे अशी भरती होई. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेल्या. बगदादच्या अलीकडे माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावात तुर्की फौजेने सगळ्यांना कोंडलं. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या शिपायांनी कित्येक आठवडे घोड्याचं मांस तोंडाला लावलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘चालेल’ अशा तारा मागवल्या गेल्या तरी बरेच जण उपाशीच राहिले. शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली, त्यात बहुतेक हिंदुस्थानी. पुढे त्यांची वाळवंटातून पायपीट, मग बगदाद रेल्वेच्या कामावर मजुरी. त्यातले फार थोडे धडधाकट परत आले.

भाताची खाचरं, नारळ-सुपारी आणि पावसाळा यांत वाढलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा तिथे कसा राहिला असेल, याचा मी विचार करू लागलो की पुढचं वाचवत नाही.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १९१४ ते १९२१ या काळात मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चितेची जागा माहीत नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. २७ मार्च १९२९ रोजी त्याचं अनावरण झालं. ४० हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक. शत-अल-अरब नदीच्या काठी लांबच लांब भिंत आणि तीवर दगडी पाट्या. त्यावर अधिकाऱ्यांची नावं आहेत, गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदुस्थानी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे आकडा : आणि इतर इतके हिंदुस्थानी शिपाई. झालं.

हे स्मारक ज्या संस्थेने बांधलं, ती आजची कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, तिची स्थापना १९१७ मधली आणि तिचं तत्त्वच असं की प्रत्येक मृताचं नाव कोरायचं, हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. फ्रान्समध्ये त्यांनी ते बऱ्याच अंशी पाळलं. नव्ह-शापेल या गावी १९२७ मध्ये जे भारतीय स्मारक उभं राहिलं, त्यावर ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी शिपाई आणि मजूर नावानिशी आहेत. त्याच गावात २८ ऑक्टोबर १९१४ ला बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या शिखांच्या ४७ व्या पलटणीबरोबर बंदुका घेऊन चालून गेल्या होत्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा माणूस. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं लढवलं आणि दोन्ही कंपन्यांची धूळधाण झाली. तेव्हा फ्रान्समध्ये नाव आणि इराकमध्ये आकडा, असा हा हिशेब. माझं मत विचाराल तर दगड महाग होता हे कारण मला पटत नाही. फ्रान्समध्ये बघायला लोक येणार होते; बसऱ्याला चिपळूणच्या खेड्यातली म्हातारी कशाला जाते, असं कुणीतरी मनात धरलं असणार.

आपल्याकडेही काही वेगळं झालं नाही. कोकणात आणि घाटावर अनेक गावांत चावडीवर, शाळेत नाहीतर देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, पैकी इतके मेले. तिथेही आकडाच. फरक एवढाच की गावात तेव्हा प्रत्येकाला माहीत होतं, हे तीन म्हणजे कोण. आज शंभर वर्षांनी ते माहीत असलेलं माणूस शोधावं लागतं.

एप्रिल २०२१ मध्ये या कमिशनने स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. ४५ ते ५४ हजार मृतांची, मुख्यतः हिंदुस्थानी आणि आफ्रिकी, नोंद बाकीच्यांच्या बरोबरीने झाली नाही, आणि आणखी कमीत कमी १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावानिशी आठवण कुठेच ठेवली गेली नाही, असं त्यात कबूल केलं. कमिशनने माफी मागितली, ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये मागितली. बसऱ्याच्या स्मारकाचं म्हणाल तर १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते नदीकाठावरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला सुमारे ३२ किलोमीटरवर, वाळवंटात नेऊन ठेवलं. तिथे जाऊन दुरुस्ती करणंही बरीच वर्षं शक्य झालं नव्हतं.

आता एक आक्षेप. तरुण मंडळींपैकी कुणीतरी विचारणारच, ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं आपण काय म्हणून करायचं? प्रश्न रास्त आहे. पण महिना ११ रुपये पगारावर गेलेला शिपाई साम्राज्यासाठी गेला असं मला वाटत नाही. खोताचा वसूल, चार भावांत वाटलेली वरकस जमीन आणि मुंबईची मनीऑर्डर यावर चालणारं घर, असा तो जिल्हा होता. मुंबईच्या गिरणीत जागा नाही तर पलटण. आपल्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्यही भरतीच्या विरोधात नव्हते. शिपाई मागता तर स्वराज्याचं बोला, एवढंच त्यांचं म्हणणं. जून १९१८ च्या मुंबईतल्या युद्ध परिषदेत ते हेच बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना थांबवलं आणि टिळक उठून बाहेर पडले.

आणि पलटण म्हणजे फक्त मराठे असंही नाही. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर महार सैनिकांची वस्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने त्यांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज-विनंत्या केल्या. महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण काढली, आणि युद्ध संपल्यावर मोडूनही टाकली. तिकडे दर्यावर आपले मुसलमान बांधव. पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी, टंडेल, सारंग रत्नागिरीकडचे, सलूनमधले गोव्याचे, अशी रीतच होती. बोट टॉर्पेडोने बुडाली की यांना कबरही नाही. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे, पण आपल्या खलाशांची आठवण मुंबईला मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये ठेवली आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांवर खलाशी तिथे नोंदलेले आहेत. मुंबईला नातेवाइकांकडे आपण वर्षातून चारदा जातो. तिथे किती जण गेलो?

दुसऱ्या महायुद्धात गोष्ट थोडी सुधारली. इटलीत सांग्रो नदीजवळच्या दफनभूमीत ज्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं दहन झालं, त्यांचं वेगळं स्मारक आहे. आणि इटलीतलंच आपल्याला सगळ्यात जवळचं नाव म्हणजे नाईक यशवंत घाडगे. शेजारच्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला तैबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगन चालली, त्यांच्याशिवाय सेक्शनमधला प्रत्येक जण मेला नाहीतर जखमी झाला. ते एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमी गनच्या दस्त्यानेच उरलेल्यांना लोळवलं, आणि तिथेच शत्रूच्या गोळीने पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. जुलै २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने या लहानशा गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ बसवलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्याच्यावर आहे. एका इटालियन गावाने जवळपास ऐंशी वर्षांनी एका कोकणी मुलासाठी हे केलं.

परक्या माणसाची आठवण ठेवायची म्हणजे काय, हे खरं तर रत्नागिरीकरांना कुणी शिकवायला नको. थिबा राजा ब्रह्मदेशातून कैदी म्हणून इथे आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला, नेमका कुतचे कैदी वाळवंटात मरत होते त्याच वर्षी. शिवाजीनगरमधल्या त्याच्या समाधीकडे आपण किती वर्षं कानाडोळा केला ते सोडून देऊ. पण २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन नतमस्तक झाले, तेव्हा शहराला एकदम लक्षात आलं की आपल्या गल्लीतली ती जागा दुसऱ्या कुणाचं तरी घर आहे. बसऱ्याच्या बाजूने पाहिलं तर आपण त्या ब्रह्मी लोकांच्या जागी आहोत.

मग करायचं काय? आपल्याला इराकला जायचं नाही आणि वर्गणीही काढायची नाही, खजिनदारांनी निश्चिंत असावं. दगडावर नसलेली ही नावं कमिशनच्या नोंदवहीत पुष्कळशी आहेत आणि त्यांच्या वेबसाइटवर घरबसल्या, फुकट शोधता येतात. शिपायाचं नाव, पलटण, नंबर, मृत्यूची तारीख. कित्येकदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा, रत्नागिरी.

अडचण स्पेलिंगची आहे. पलटणीतल्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं गावाचं नाव लिहिलं आणि छापणाऱ्याने त्यात भर घातली. चिपळूण, राजापूर लगेच कळतात. वाडीचं नाव मात्र इंग्रजीतून वाचून लंडनच्या माणसाला कधीच लागणार नाही. ते त्या वाडीत लग्न होऊन आलेल्या आजीला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं की लागतं. शिवाय जुने तालुके ध्यानात ठेवावे लागतात. मंडणगडचा माणूस दापोलीत शोधा, गुहागरचा चिपळुणात. मालवण, देवगड, वेंगुर्ला १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते, पण सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान. आडनावंही कदम, मोरे, शिंदे, जाधव, सावंत, एकेका गावात पन्नास. बापाचं नाव जुळल्याशिवाय ‘हाच आमचा पणजोबा’ म्हणू नका.

घरी जुनी ट्रंक असेल तर उघडून बघा. पेन्शनचा कागद, पितळी नाहीतर चांदीचं पदक. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्यावर नोंद सापडू शकते. पदक घासून लख्ख करायला जाऊ नका, अक्षरं पुसट होतात. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा नव्वदीच्या आसपास आहेत त्यांनी हे काम गणपतीपर्यंत पुढे ढकलू नये.

समितीने परवानगी दिली आहे. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर घेऊन बसेन. नववी-दहावीतल्या दोन मुलांनी टायपिंगची जबाबदारी घेतली आहे. गावाचं नाव, जुना तालुका आणि घराण्यात ‘लढाईवर गेला तो आला नाही’ अशी ज्याची गोष्ट सांगतात त्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आणा. सापडलेल्या नोंदीचा छापील कागद तुम्हाला मिळेल. एक प्रत गावच्या शाळेत, त्या संगमरवरी पाटीखाली लावायला पाठवू. खेडवाल्यांनी मात्र चिठ्ठीवर आपलं खेड, पुण्याचं नव्हे, हे ठळक लिहावं, नाहीतर अर्धा रविवार त्यातच जाईल.