गॅसचं पुस्तक कोणाच्या नावावर?

(युवक शिबिरातील भाषणाचा मजकूर)



माझी फूफी मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहते. घरात गॅस आहे, तरी पहाटे अंगणातल्या चुलीत तुराट्या पेटतात. सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. चहा आणि पाहुण्यांचं तेवढं गॅसवर. घरात खोकला फक्त तिला आहे. फूफांना नाही, ते चुलीपुढे बसतच नाहीत.

सरकारी सिलेंडर का घेत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "किताब तेरे फूफा के नाम पे है, बाबा."

गोष्ट खरी तिथेच अडली होती. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, ती गरीब घरातल्या बाईच्या नावानं जोडणी देण्यासाठी. सप्टेंबर 2019 मध्ये आपल्या औरंगाबादेतच 8 कोटी जोडण्यांचा टप्पा साजरा झाला. पण जोडणी एकदाच घ्यायची असते, सिलेंडर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. म्हणून 2022 मध्ये उज्ज्वलाच्या सिलेंडरमागे 200 रुपये सूट आली, 2023 मध्ये ती 300 झाली. राज्यानं 2024 मध्ये अन्नपूर्णा योजना आणली: वर्षाला तीन सिलेंडर मोफत, उज्ज्वलावाल्यांना आणि लाडक्या बहिणींच्या कुटुंबांनाही. अट एकच नडते, जोडणी बाईच्या नावावर हवी.

फूफांची जोडणी उज्ज्वलाच्या आधीची. नाव बदलायला त्यांची सही लागणार होती. "आज किताब, कल घर भी नाम पे मांगेगी," असं ते म्हणाले. हसू नका, आपल्यापैकी किती जणांच्या घरात अम्मीच्या नावावर काहीतरी आहे? सहीला दोन महिने लागले.

मग दुसरी अडचण आली. एजन्सीत तीनदा एकच उत्तर: नाव जुळत नाही. नेमकं कुठे, ते कोणी सांगेना. माझं कामच सॉफ्टवेअरचं, म्हणून सगळे कागद शेजारी ठेवून पाहिले. देवनागरीत 'शेख' एकच आहे. इंग्रजीत आधारवर ए-आय, बँकेत ई-आय, रेशनकार्डावर नुसता ई. एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम'. माणूस हे वाचून पुढे जाईल. कॉम्प्युटर अक्षरं ताडून पाहतो आणि नकार देतो. आपण लगेच म्हणतो, मुसलमान म्हणून दिलं नाही. योजनेत धर्माची अट नाही. पण ज्यांची नावं कारकुनांनी ऐकून ऐकून लिहिली, त्यांनाच ही जुळणी जास्त छळते, हेही तितकंच खरं.

एक लक्षात ठेवा: आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे घाईनं आधार बदलू नका. आधी बँकेचं आणि गॅसचं नाव आधारप्रमाणे करून घ्या.

आता फूफीचं नाव लागलंय. तरी तुराट्या पेटतातच. सिलेंडरचे पूर्ण पैसे आधी द्यायचे, सरकारचे नंतर खात्यात येणार. मजुरी थांबलेल्या महिन्यात ते आधीचे पैसे आणायचे कुठून? सूट दारातच वजा झाली पाहिजे, ही मागणी आपण लेखी करायची आहे.

बाहेर टेबल मांडलंय. निवेदनावर सही करा. आणि पुढच्या रविवारी येताना अम्मीचं आधार, पासबुक आणि गॅसचं पुस्तक घेऊन या. अक्षरं मी तपासून देतो.