लिनक्सचे बिऱ्हाड
संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवरील विंडोज काढून त्या जागी ‘माया’ ही प्रणाली बसविणार, असे वृत्त ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झाले. माया ही उबुंटू या लिनक्सच्या शाखेवर आधारलेली. मंत्रालयाच्या पदरी अभियंते असतात. परंतु त्याच दिल्लीत नेहरू प्लेसच्या पेठेतून एखादा जुना संगणक घरी आणणाऱ्या गृहस्थाला लिनक्स बसविताना पडद्यावरच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच द्यावे लागते: सारी डिस्क पुसून प्रणाली बसवावी, की डिस्कची विभागणी आपल्या हाताने करावी?

पहिली वाट सोपी. यंत्र सर्व काही मांडून देते; मात्र डिस्कवर जे असेल ते जाते. संगणक रिता असेल तर हीच वाट धरावी, त्यात कमीपणा कसला? पण त्याच डिस्कवर मुलांची छायाचित्रे किंवा घराची कागदपत्रे असतील, तर ती आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्याखेरीज त्या कळीला हात लावू नये.

दुसऱ्या वाटेचे मर्म ‘होम’मध्ये आहे. लिनक्समध्ये माणसांचे कागद ‘होम’ या दालनात राहतात आणि प्रणालीचे सामान इतरत्र. सोप्या मांडणीत ही दोन्ही बहुधा एकाच विभागात नांदतात. होमला स्वतंत्र विभाग दिला, की प्रणाली नव्याने बसविताना कागद जागचे हलवावे लागत नाहीत. असा प्रसंग येतोच. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते. जुनीवर नवी चढविता येते हे खरे. पण चढविताना काही बिघडले, तर पुन्हा मुळापासून आरंभ करावा लागतो.

या सोयीचेही मोल पडते. प्रणालीला जागा बेताची दिली, तर काही महिन्यांत ती तुडुंब भरते आणि शेजारी होम मात्र ओस पडलेले असते; भिंत मागाहून सरकविणे जिकिरीचे. डेबियन ही उबुंटूची मूळ शाखा. तिने यावर मधला मार्ग ठेवला आहे: ‘होम वेगळे’ एवढे सांगितले, की मोजमाप यंत्रच करते. सामान्य गृहस्थाला हा मार्ग सर्वांत मानवेल.

पुनःस्थापनेच्या वेळी मात्र विभागणी स्वहस्तेच करावी लागते. जुन्या विभागाला ‘होम’ हे स्थान नेमून द्यावे आणि त्याच्यापुढील ‘फॉरमॅट’चा चौकोन कोरा आहे ना, हे दोनदा पाहावे. तेथे खूण राहिली, तर वेगळा विभाग असूनही सारे कागद पुसले जातात.